केडगावचं कृपासदन

पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की विधवा, केशवपन आणि त्यांची विधवांसाठीची शाळा शारदासदन हे आपल्याला चटकन आठवतं. दौंड तालुक्यातल्या केडगावी, मुक्ती मिशनमध्ये त्यांनी कृपासदन काढलं होतं, ते मात्र फारसं कोणाच्या ध्यानीमनी नसतं. कुंटणखान्यातून सुटलेल्या, कोणी फसवून सोडून दिलेल्या, समाजाच्या भाषेत ‘वाया गेलेल्या’ बायकांचं ते घर. विधवेच्या बाजूने बोलणारे सुधारक पुण्या-मुंबईत बरेच निघाले. या बायकांना घरात घ्यायला कोण होतं?

त्याचं बी लंडनमध्ये पडलं. 1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या. या सिस्टरांचं लंडनच्या फुलहॅम भागात अशाच स्त्रियांसाठी काम चाले, तेही त्यांच्या पाहण्यात आलं. काल रस्त्यावर असलेल्या बायका इथे आजाऱ्यांची सेवा करताहेत, हे बघून त्या चक्रावल्या. हे लोक अशा बायकांसाठी एवढं का करतात, असं त्यांनी एका सिस्टरला विचारलं. सिस्टरने बायबलमधली शोमरोनी बाई आणि येशूची विहिरीवरची गोष्ट वाचून दाखवली. ‘माझी साक्ष’मध्ये रमाबाईंनी हा प्रसंग सांगितला आहे, आणि पतितेला कुत्र्यांकडून फाडवावं असं सांगणाऱ्या शास्त्राची आठवणही शेजारीच करून दिली आहे. शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं, त्यामुळे घाव वर्मी बसला. त्यांचं धर्मांतर बुद्धीच्या वादातून झालं असं आपण म्हणतो. माझ्या मते फुलहॅमचा त्यातला वाटा कुठल्याही ग्रंथाहून मोठा आहे.

पण लंडनमध्ये पाहिलेलं जसंच्या तसं उचलून चालणार नव्हतं. आपल्याकडे बायकांचा बाजार भरवला दुष्काळाने. 1896-97 मध्ये रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांतून पोरींवर टपलेली माणसं त्यांनी पाहिली होती. उपाशी पोरीला भाकरी दाखवणारा दलाल तिथे धर्मादाय माणसाच्या आधी पोचलेला असे. त्या स्वतः दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गमावून, भावाबरोबर पायी देश तुडवत फिरल्या होत्या. अशा वेळी बाईच्या वाट्याला काय येतं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरला, शहरात नव्या मुली ठेवणं अवघड झालं आणि केडगावच्या शेतावर छपरं उभी राहिली. शारदासदनाच्या खर्चाला आधार म्हणून घेतलेली ती जमीन. तिच्यावर पुढे दोन हजारांच्या आसपास माणसं राहू लागली. त्या वस्तीतच, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, कृपासदन आलं.

ते वेगळं होतं. शारदासदनच्या मुलींमध्ये या बायकांना मिसळलं नव्हतं. कारण समजण्यासारखं आहे: 1893 मध्ये धर्मांतराच्या बोभाट्याने पालकांनी शारदासदनातून मुली काढून नेल्या होत्या, रानडे-भांडारकर त्याच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. आणखी एक वादळ कोणाला परवडणार? तरीही ही भिंत मला खटकते. शोमरोनी बाईशी विहिरीवर बोलणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि तिची पथारी निराळी घालायची!

मुक्तीतली खरी ताकद मला प्रार्थनेहून कामात दिसते. विणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, दूधदुभतं, शेती, बेकरी, सगळं बायकांच्या हातात. सगळ्यांत नवलाचा छापखाना. देवनागरी खिळे जुळवणं हे पुरुषांनाही जिकिरीचं काम: अक्षर, काना, मात्रा, रफार यांचे खाने निराळे, जुळवायचं सगळं उलटं, आणि एक वेलांटी चुकली की ओळ मोडून पुन्हा. काल पाटीवर अ गिरवणारी पोर इथे उभ्याने ओळी बांधायची. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर याच छापखान्यात बायकांनी छापलं. ते 1924 मध्ये पुरं झालं, रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी.

कामाचा हा धागा पुढेही सापडतो. कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत न्यूझीलंडहून आलेल्या एका ख्रिस्ती दांपत्याने 2001 मध्ये ‘फ्रीसेट’ सुरू केलं. बायका तिथे तागाच्या पिशव्या शिवतात आणि पगार घेतात.

पण आजच्या सुधारगृहाची वाट केडगावइतकी सरळ नाही. पोलिसांचा छापा, मॅजिस्ट्रेटचा हुकूम, मग आश्रयगृह: स्त्रियांच्या अनैतिक व्यापाराविरुद्धच्या 1956 च्या कायद्याने हाच क्रम घालून दिला. त्यात बाईला ‘तुला यायचंय का’ असं विचारायचं राहून जातं. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका बरीच वर्षं हेच म्हणत आहेत: आम्हाला सोडवायला येऊ नका, आमचे हक्क द्या. सगळ्यांचं त्याने समाधान होणार नाही. अल्पवयीन पोरीला आणि कर्जापायी डांबलेल्या बाईला सोडवायला कोणीतरी जावंच लागतं. मात्र मर्जीविरुद्ध आश्रयगृहात कोंडलेल्या सज्ञान बायकांची पाहणी करून त्यांच्या सुटकेचा विचार करावा, असं 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं. त्याच आदेशात पत्त्याचा पुरावा नसलेल्या बायकांना आधार कार्ड मिळण्याची सोयही केली. रेशन, बँकेचं खातं, पोराचं शाळेतलं नाव या सगळ्यांसाठी सहसा आधी तो कागद मागितला जातो, आणि धंदा सोडून बाहेर पडलेल्या बाईला पहिली धाव त्या कागदासाठीच घ्यावी लागते.