विश्लेषण : लस टोचताना जनावर उसळले तर? गोठ्यासाठी खोडा कसा निवडावा, कसा वापरावा…

लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाची फेरी आली की गोठ्यात एकच धांदल उडते. एक जण शिंगे धरतो, दुसरा वेसण ओढतो, तिसरा शेपटी पिळतो आणि या ओढाताणीत सुई नेमकी कुठे टोचली जाईल याचा भरवसा नसतो. कुणाच्या पायावर खूर पडतो, कुणाला शिंग लागते. हे सारे टाळणारे साधन जुनेच आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यापुढे दिसणारा लोखंडी खोडा. मात्र स्वतःच्या गोठ्यासाठी तो घ्यायचा तर काय पाहायचे, हे वेल्डिंगच्या दुकानात गेल्यावर कळत नाही.

खोडा म्हणजे नेमके काय?

‘खोडा घालणे’ म्हणजे कामात अडथळा आणणे, असे आपण म्हणतो. गोठ्यात मात्र खोड्यामुळेच काम होते. साधा खोडा म्हणजे जमिनीत पक्के रोवलेले चार खांब, बाजूंना आडवे पाईप, पुढे मान अडकवायची चौकट आणि मागे सरकता दांडा. जनावर आत उभे राहते. वळू शकत नाही आणि मागेही सरकत नाही. अमेरिका-ऑस्ट्रेलियातील मोठ्या गोपालनात याचाच पुढचा प्रकार वापरतात. त्यात बाजूच्या भिंती आत सरकून जनावराला दोन्ही अंगांनी दाबून धरतात. त्याला ‘स्क्वीझ शूट’ म्हणतात.

गरज आता का वाढली?

केंद्राचा राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, तर ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व वगारींना आयुष्यात एकदाच दिली जाते. कानात बारा अंकी बिल्लाही मारावा लागतो. शिवाय कृत्रिम रेतन, गाभण तपासणी, खुरे कापणे ही कामे आहेतच.

यात ब्रुसेलोसिसच्या लसीकडे विशेष लक्ष हवे. ‘एस-१९’ या लसीत जिवंत, पण दुर्बल केलेले जंतू असतात. वगार उसळली आणि ती सुई धरणाऱ्याच्या हातात शिरली, तर त्या माणसालाच ब्रुसेलोसिस होऊ शकतो. उलटसुलट येणारा ताप, घाम आणि सांधेदुखी दीर्घकाळ पिच्छा पुरवतात. म्हणजे खोडा जनावराइतकाच लस देणाऱ्या डॉक्टरसाठी आणि जनावर धरणाऱ्या घरच्या माणसासाठीही आहे. असा टोचा बसलाच तर जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरकडे जावे आणि कोणती लस होती ते सांगावे.

मोजमाप कोणत्या जनावराचे?

इथेच बहुतेकांची गफलत होते. तयार खोडा एकाच मापाचा असतो, गोठ्यात मात्र नाना तऱ्हेची जनावरे. नागपुरी म्हशीची शिंगे लांब, चपटी आणि मागे जवळपास खांद्यापर्यंत गेलेली असतात. मान अडकवायची चौकट अरुंद असेल तर डोके आत जाते, पण बाहेर काढताना शिंगे अडकतात. अशा गोठ्यात चौकट वरून खुली किंवा पूर्ण उघडणारी हवी. गवळाऊ जनावर सडपातळ आणि चपळ. होल्स्टिनच्या संकरित गाईच्या मापाने केलेल्या खोड्यात ते सहज वळते. कालवडींचे तर विचारूच नका.

मोठ्या जनावरासाठी आतील रुंदी साधारण अडीच फूट धरली जाते. तरी आपल्या सर्वांत मोठ्या जनावराची छाती-पोटाची रुंदी मोजूनच ऑर्डर द्यावी. लहान जनावरांसाठी एका बाजूला आत सरकवता येणारी फळी बसवून घ्यावी. खांब काँक्रीटमध्ये खोल रोवलेले हवेत. वेल्डिंगचे टोकदार काठ हाताने चाचपून पाहावेत. जमीन खडबडीत किंवा रबरी मॅटची हवी, कारण पाय घसरला की जनावर बिथरते.

दाबाचा खोडा घ्यावा का?

पाच-सात जनावरांच्या गोठ्याला त्याची गरज नाही. ते पैसे पक्की फरशी आणि सावलीवर खर्च करणे शहाणपणाचे. मोकाट सोडलेली, माणसाचा हात न लागलेली जनावरे मोठ्या संख्येने हाताळणाऱ्या गोशाळा किंवा प्रक्षेत्रांना मात्र तो उपयोगी पडतो. दाब हळूहळू आणि दोन्ही बाजूंनी सारखा द्यायचा असतो. जास्त आवळले तर जनावर उलट धडपडते. गाभण गाईच्या पोटावर दाब देऊच नये.

जनावर आत जात का नाही?

अमेरिकेतील पशुशास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांनी जनावराच्या नजरेतून अशा वाटांचा अभ्यास केला. जमिनीवरची गडद सावली, साचलेले पाणी, लोंबणारी साखळी, पाईपांचा खणखणाट यांनी गाय थबकते. तेव्हा काठी उगारण्याआधी वाट पाहून घ्यावी. जनावराला ठीक मागचे दिसत नाही. म्हणून थेट मागे न राहता बाजूने, त्याच्या खांद्याच्या मागच्या अंगाला उभे राहिले की ते पुढे सरकते. शेपटी पिळण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे लसीकरणाच्या आधी आठवडाभर खोड्यात ढेप ठेवून जनावराला नुसते आत-बाहेर करू द्यावे.

धोका कुठे?

सर्वांत मोठा धोका जनावर आत बसण्याचा. मान अडकलेली असताना ते खाली गेले तर गळफास बसू शकतो. म्हणून चौकटीचे दांडे सरळ उभे असावेत आणि खिट्टी ताणाखालीही एका झटक्यात उघडावी. घेताना ती स्वतः ओढून पाहावी. गंजल्यावर ती हमखास अडते, तेव्हा दर फेरीपूर्वी तेल द्यावे. वेसणीचा कासरा खांबाला करकचून बांधू नये, नाकपुडी फाटते. मागच्या दांड्यावरून हात घालून तपासणी करताना जनावर बसले तर हात दांड्यात सापडून मोडतो. त्या वेळी दांडा खाली घ्यावा किंवा काढून ठेवावा. खोड्यातल्या जनावराला एकटे सोडून चहाला जाणे तर नकोच.

नागपूरच्या उन्हाचा वेगळा विचार हवा. मे महिन्यात दुपारी लोखंडी पाईप अंगाला चटके देतो. खोड्यावर छप्पर किंवा निदान झाडाची सावली असावी, आणि काम सकाळी आटोपावे.

ऑर्डर देण्याआधी वापरातला खोडा पाहिलेला बरा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्याच्या ठिकाणी दवाखाने आहेत. तिथल्या डॉक्टरांना किंवा परिचरांना एकच प्रश्न विचारावा : खिट्टी अडली तर तुम्ही जनावर कसे सोडवता?