मुठीतला चेंडू

शिकागो हे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे १८९३ साल उभे राहते. त्या वर्षीच्या सर्वधर्मपरिषदेतील स्वामी विवेकानंदांचे भाषण आपल्यापैकी अनेकांनी पाठ केले आहे, वक्तृत्वस्पर्धांत म्हणूनही दाखविले आहे. परंतु याच शहराने जगाला आणखी एक गोष्ट दिली, ती मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. अल्पवयीन मुलांच्या अपराधांचा विचार प्रौढांच्या न्यायालयात न होता निराळ्या ठिकाणी व्हावा, म्हणून जगातील पहिले बालन्यायालय १८९९ मध्ये शिकागोत सुरू झाले. मुलाच्या हातून काय घडले एवढेच न पाहता त्याच्या पाठीशी कोण आहे, हेही पाहावे, असा त्यामागील विचार होता. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे: पाठीशी कोणी असणे म्हणजे नेमके काय, आणि त्याने खरोखरच काही साधते काय?

त्या न्यायालयाला शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी शिकागोची चिंता मिटली नाही. शहराच्या दक्षिण व पश्चिम भागांतील गरीब वस्त्यांत भांडण तसे क्षुल्लक कारणावरून सुरू होते. कोणी कोणाला धक्का दिला, कोणी वाकडे बोलला. आपल्याकडे अशा भांडणाचा शेवट फाटलेल्या सदऱ्यात होतो. तेथे बंदूक सहज हाती येते, आणि म्हणून त्याच भांडणाचा शेवट कित्येकदा मृत्यूत होतो. अशा वस्तीतील मुलगा शाळेतून हळूहळू नाहीसा होतो. आधी एक तास, मग एक दिवस, मग आठवडा.

याच शहरात लहानाचे मोठे झालेले अँथनी रामिरेझ-डी व्हिटोरिओ नावाचे एक समुपदेशक 'यूथ गायडन्स' या संस्थेत काम करीत असत. त्यांनी २००१ च्या सुमारास शाळेतील काही मुलांना वर्तुळात बसवून त्यांच्याशी बोलावयास आरंभ केला. त्या उपक्रमाला 'बिकमिंग अ मॅन' असे नाव मिळाले. आपण त्याला 'माणूस होताना' असे म्हणू. आठवड्यातून एक तास, तोही शाळेच्या वेळेतच. एका गटात फार तर पंधरा मुले व एक वडीलधारा. तास सुरू होताच प्रत्येकाने आपले कसे चालले आहे ते सांगावयाचे, आणि सांगण्याची पहिली पाळी त्या वडीलधाऱ्याचीच. तास बुडविण्यास निमित्त मिळते म्हणून काही मुले प्रथम येत असत, असे सांगतात. येईनात का त्या निमित्ताने! आली हे महत्त्वाचे. पुढे २०१३ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष बराक ओबामा यांनी अशाच एका वर्तुळात बसून, वडिलांवाचून आपण कसे वाढलो ते मुलांना सांगितले होते.

या उपक्रमातील एक खेळ सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मुलांच्या जोड्या लावतात. एकाच्या हाती चेंडू देतात व दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत तो चेंडू मिळव. लागलीच झटापट सुरू होते. बोटे उघडण्याचा प्रयत्न, मनगट पिरगाळणे, खाली पाडणे. मग पाळी बदलते, आणि पुन्हा तेच. शेवटी तो वडीलधारा विचारतो, "चेंडू दे, असे कोणी म्हणून का पाहिले नाही?" मुले म्हणतात, तो देणारच नव्हता, उलट मला भेकड समजला असता. मग ज्याच्या हाती चेंडू होता त्याला विचारतात, मागितला असता तर तू काय केले असतेस? बहुधा उत्तर येते, "दिला असता. नुसता चेंडूच तर होता!"

हे वाचल्यावर मला राहवेना. नववीच्या वर्गात एका शनिवारी टेनिसचे जुने चेंडू घेऊन गेलो. बावीस जोड्या झाल्या. पहिल्या अर्ध्या मिनिटातच एक बाक कलंडला, एकाच्या सदऱ्याचे बटन तुटले, आणि शेजारच्या वर्गावरील बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. शिकागो फार दूर नाही, असे मला त्या क्षणी वाटले. चव्वेचाळीस जणांत चेंडू मागितला तो एका मुलीने, आणि तिला तो मिळालाही. मुलांना कारण विचारले तेव्हा मागच्या बाकावरून कोकणीत उत्तर आले, "मागल्यार तो हांसतलो मरे, सर!" मागितले तर तो हसेल, ही भीती. भाषा निराळी, कारण तेच.

खेळ मनोरंजक असला तरी त्याने मुले सुधारतात हे कशावरून मानावयाचे? एखादा उपक्रम चालवणारा 'आमची मुले पाहा, किती शहाणी झाली' असे म्हणतो तेव्हा एक शंका घ्यावीच लागते. जी मुले आपण होऊन येतात ती मुळातच थोडी समंजस असतील, आणि गट नसता तरी सुधारली असती. ही शंका दूर करण्याचा एक प्रामाणिक मार्ग आहे. इच्छुक मुलांची यादी करावी, चिठ्ठ्या टाकाव्या, काहींना गटात घ्यावे व काहींना नाही, आणि नंतर दोहोंची तुलना करावी. चिठ्ठी कोणाचा स्वभाव पाहत नाही. तेव्हा पुढे जो फरक दिसेल तो गटाचाच मानता येतो.

शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमके हेच केले. २००९-१० या शालेय वर्षात १८ शाळांतील सातवी ते दहावीच्या सुमारे २,७४० मुलांत अशी विभागणी झाली. पुढे २०१३ ते २०१५ या काळात आणखी २,०६४ मुलांवर तोच प्रयोग झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की गट चालू असताना त्यात भाग घेणाऱ्या मुलांना हिंसक गुन्ह्यांसाठी अटक होण्याचे प्रमाण ४५ ते ५० टक्क्यांनी घटले, आणि एकंदर अटका २८ ते ३५ टक्क्यांनी. शाळेतील हजेरी व अभ्यास सुधारला. पहिल्या प्रयोगातील मुलांचा पुढेही मागोवा घेतला, तेव्हा शालान्त शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण १२ ते १९ टक्क्यांनी वाढलेले आढळले. मात्र पहिल्या प्रयोगातील गट बंद झाल्यावर हिंसक गुन्ह्यांतील घट टिकली नाही, हेही त्याच संशोधकांनी नोंदविले आहे. मला ही नोंद पहिल्या आकड्यांइतकीच मोलाची वाटते.

आठवड्यातून एका तासाने एवढा फरक का पडावा? संशोधकांचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. त्या मुलांना नीतीचे धडे ठाऊक नसतात असे नाही. परंतु त्यांच्या गल्लीत कोणी वाट अडविली आणि मुलाने मान खाली घातली, तर उद्या पुन्हा त्यालाच गाठतात. म्हणून ताबडतोब उलट उठणे ही त्याची सवय होते. गल्लीत ती सवय त्याचे रक्षणही करते. तीच सवय घेऊन तो वर्गात येतो. गुरुजी म्हणतात, 'खाली बस', आणि त्याच्या कानांना ते आव्हान वाटते. त्या गटात मुलाला 'कधीही भांडू नकोस' असे सांगत नाहीत. सांगितले तरी त्याचा विश्वास बसणार नाही. त्याला एवढेच शिकवितात, की क्षणभर थांब, आणि समोर खरोखर काय आहे ते पाहा: गल्ली की वर्ग, शत्रू की नुसता चेंडू? गटातील मुले निर्णय घेताना अधिक वेळ घेऊ लागली, असे संशोधकांना निराळ्या चाचणीतही दिसून आले.

येथवर वाचून कोणाला वाटेल, की चांगल्या माणसाने मुलाला जवळ केले की झाले. तसे नाही. याच अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज व सॉमरव्हिल या गावी, डॉ. रिचर्ड क्लार्क कॅबट यांच्या प्रेरणेने १९३९ मध्ये एक फार मोठा प्रयत्न झाला होता. ५०६ मुलांच्या, स्वभाव व परिस्थिती सारखी असलेल्या, जोड्या लावल्या. नाणेफेक करून प्रत्येक जोडीतील एकाला साहाय्य द्यावयाचे ठरले. समुपदेशक घरी जात, शिकवणी लावून देत, औषधपाणी पाहत, उन्हाळ्यात शिबिरांना पाठवीत. हे सरासरी पाच वर्षे चालले. पुढे तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या विदुषीने ती मुले, आता मध्यमवयीन पुरुष, शोधून काढली. आम्हाला फार लाभ झाला, असे त्यांच्यापैकी बहुतेकांनी सांगितले. कागदपत्रांनी मात्र निराळेच सांगितले. साहाय्य मिळालेले पुरुष न मिळालेल्यांपेक्षा कोणत्याही महत्त्वाच्या बाबतीत सरस नव्हते, आणि पुन्हा गुन्हा करणे, मद्यासक्ती, अकाली मृत्यू अशा काही बाबतींत ते अधिक वाईट स्थितीत होते. १९७८ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा सेवाभावी मंडळींना मोठा धक्का बसला. पुढील छाननीत असे दिसले, की अधिक हानी विशेषतः वारंवार शिबिरांना पाठविलेल्या मुलांची झाली होती. तेथे ही मुले एकमेकांच्या संगतीत मोकळी सोडली जात, आणि आपापल्या खोड्यांच्या बढाया मारून एकमेकांची वाहवा मिळवीत असावीत. गट तोच, वयही तेच. फरक वर्तुळात बसलेल्या वडीलधाऱ्याचा.

दुसरे एक उदाहरण याहून जवळचे वाटेल. न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातील लेखनिक अर्नेस्ट कूल्टर यांनी १९०४ मध्ये सद्गृहस्थांना आवाहन केले, की तुम्ही प्रत्येकी एका मुलाचे थोरले भाऊ व्हा. त्यातून वाढलेल्या संस्थेच्या कार्याची १९९५ मध्ये पाहणी प्रसिद्ध झाली. ९५९ मुलामुलींत, ज्यांना असा 'थोरला भाऊ' वा 'थोरली बहीण' मिळाली त्यांनी शाळेला दांड्या मारण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले, आणि दुसऱ्याला मारण्याचे प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशाने घटले. पण २००२ मध्ये त्याच माहितीची पुन्हा छाननी झाली. संबंध वर्षभर वा अधिक टिकला तेथेच लाभ भरपूर होता. तीन महिन्यांच्या आत संपला तेथे मुलाची स्वतःविषयीची आस्था पूर्वीपेक्षाही खालावली होती.

हे शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका शाळेत असताना, आठवीत एक मुलगा होता. वडील बोटीवर, घरी आजी. मधल्या सुट्टीत मारामारी ठरलेली. शिक्षकांच्या खोलीत त्याला 'वाया गेलेला' म्हणत; हा शब्द मला तेव्हाही आवडत नसे. मी ओळीने तीन शनिवार संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. गणिते सोडविली, फुटबॉलवर बोललो. चौथ्या शनिवारी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले, आणि मी गेलो नाही. पुढेही गेलो नाही. वर्ष संपण्यापूर्वी त्याने शाळा सोडली. नंतर एकदा बाजारात आजी भेटली. तिने तक्रार केली नाही. सहज म्हणाली, त्यानंतर दोन शनिवार तो खेळायला गेलाच नव्हता, सहा वाजेपर्यंत ओसरीवर बसून होता.

यंदा जूनपासून आपल्या शाळेत शनिवारच्या शेवटच्या तासाला असे एक वर्तुळ बसवावयाचे ठरले आहे. बारा मुले, दोन शिक्षक. आणि प्रत्येक मुलामागे शाळेचा एकेक माजी विद्यार्थी, जो महिन्यातून दोनदा त्याला भेटेल. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मी ही कल्पना मांडली तेव्हा चौदा जणांनी तेथल्या तेथे नावे दिली. वर्षभराच्या आत कोणालाही सोडता येणार नाही, ही अट नंतर वाचून दाखविली. पाच जणांनी नावे मागे घेतली. त्यांनी ती तेव्हाच घेतली, याबद्दल मी त्यांचे मनापासून आभार मानले. अद्याप तीन जागा रिकाम्या आहेत.