पापड सुटतो, मीठ पावातून येते

नोकरीनिमित्त जर्मनीला किंवा जपानला जाणाऱ्या मराठी माणसाला रक्तदाबाचा त्रास असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेले पथ्यही त्याच्याबरोबर जाते. लोणचे नको, पापड नको, फरसाण नको, ताटात वरून मीठ घ्यायचे नाही. तिथे हे पथ्य पाळणे सोपे वाटते, कारण यातले बरेचसे पदार्थ समोर येतच नाहीत. तरीही रक्तदाब उतरत नाही, तेव्हा बोल कामाच्या ताणाला, हवेला किंवा स्वतःच्या ढिलाईला लावला जातो. खुद्द यादीकडे संशयाने कोणी पाहत नाही. पथ्याची यादी नेहमी एका विशिष्ट स्वयंपाकघरासाठी केलेली असते. म्हणून देश बदलला की पथ्याचा हेतू आणि माप कायम ठेवून यादी मात्र नव्याने करायला हवी.

मिठाचेच पाहा. आपल्याकडे बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकात, आपल्याच हाताने पडते. त्यामुळे हात आखडला की निम्मे काम होते. अमेरिकेत, तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या म्हणण्याप्रमाणे, आहारातले ७० टक्क्यांहून अधिक सोडियम पाकीटबंद आणि हॉटेलच्या खाण्यातून येते. युरोपात ते पाव, चीज, हॅम आणि तयार सुपांत असते, तर जपानमध्ये सोया सॉस, मिसो आणि नूडल्सच्या रश्श्यात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, एवढे मीठ सुचवले आहे. युरोपातल्या साध्या पावाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १ ग्रॅम किंवा थोडे जास्त मीठ असते. मध्यम आकाराचे चार स्लाइस खाल्ले की दिवसाच्या मर्यादेचा जवळपास तिसरा हिस्सा संपतो, आणि जिभेला खारट असे काही लागलेलेही नसते. पापड सोडल्याचे समाधान आणि पावातून आलेले मीठ असे दोन्ही एकाच वेळी चालू राहते.

यावर सगळ्यात हाताशी असलेला उपाय म्हणजे वेष्टनावरचा तक्ता वाचणे. पण तोही देशागणिक बदलतो. भारतात आणि अमेरिकेत सोडियम मिलिग्रॅममध्ये देतात, युरोपात १०० ग्रॅममागे मीठ किती ते ग्रॅममध्ये, आणि जपानमध्येही मिठाचेच वजन ग्रॅममध्ये. सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते, म्हणजे ४०० मिलिग्रॅम सोडियम हे १ ग्रॅम मीठ. पाकिटावर ४८० असा आकडा पाहण्याची सवय असलेल्याला युरोपातला १.२ किरकोळ वाटतो, प्रत्यक्षात दोन्हींत मीठ सारखेच आहे. अमेरिकेतला आकडा मात्र एका वाढणीचा असतो, आणि पाकिटात दोन-तीन वाढण्या असू शकतात. जपानमधल्या अनेक कप नूडल्सवर नूडल्समधले मीठ वेगळे आणि रश्श्यातले वेगळे छापलेले असते. दोन्ही मिळून ते ५ ग्रॅमच्या आसपास जाते. रस्सा कपातच ठेवला तर त्यातले निम्म्याच्या आसपास मीठ टळते. आपल्या यादीतले ‘पापड नको’ तिथे असे ‘रस्सा पिऊ नका’ होते.

पदार्थ बदलून पथ्याचा गुण टिकतो का, ही शंका रास्त आहे. भूमध्य समुद्राकाठच्या आहाराचे फायदे समोर आल्यावर उत्तर युरोपातल्या संशोधकांपुढेही हाच प्रश्न होता, कारण ऑलिव्ह तिथे पिकत नाही. स्वीडनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कोलेस्टेरॉल किंचित वाढलेल्या ८८ जणांवर स्थानिक अन्नाचा प्रयोग झाला. मोहरीच्या कुळातल्या रेपसीडचे तेल, ओट्स, बार्ली, बेरी, भाज्या आणि मासे यांवर बेतलेल्या आहाराने सहा आठवड्यांत त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले. चाचणी लहान आणि थोड्या काळाची होती, पण तत्त्व कायम ठेवून जिन्नस बदलता येतात हे तिने दाखवले.

काही आजारांत अशी सवलत चालत नाही, हा आक्षेप खरा आहे. सिलिॲक असलेल्याला गव्हाचा कणही नको. पण तिथेही वर्ज्य वस्तू तीच राहते आणि तिच्या लपण्याच्या जागा बदलतात. जपानी सोया सॉस बहुधा सोयाबीनबरोबर गहू घालून करतात. तिथे ॲलर्जीच्या सूचनेत गव्हाचा उल्लेख सक्तीचा आहे, बार्लीचा नाही, आणि सिलिॲकमध्ये बार्लीही चालत नाही. आपल्या सामानातून नेलेल्या डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचे पीठ असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर जास्तच जपावे, कारण कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम घातलेले असू शकते आणि ते त्यांना धोक्याचे ठरते. असे बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. यादीला हात लावला की पळवाटा निघतात, असे म्हणतात. पळवाट निघते ती माप सोडल्यावर. दिवसाला ५ ग्रॅमची मर्यादा कडक ठेवली, तर पाव, भात किंवा उकडलेला बटाटा यांतून निवड करण्यात ढिलाई कसली? उलट जुन्या यादीला चिकटून राहणाऱ्याला पाकीटबंद मसाले, तयार पराठे आणि डबाबंद भाज्या यांचा आधार घ्यावा लागतो, आणि त्यांतच मीठ भरपूर असू शकते. पहिल्या आठवड्यात रोज खाण्यात येणाऱ्या दहा वस्तूंचे तक्ते वाचावेत, मीठ ग्रॅममध्ये मांडावे आणि ती नवी यादी डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवावी. जे पथ्य नव्या गावच्या बाजारात जाऊन पाळता येते, तेच वर्षानुवर्षे टिकते.