माफीनामा नको, कलम २० लिहा

आमच्या घरात पहिली सरकारी नोकरी लागते तेव्हा ती एकट्याची नसते. धाकट्या भावाचे शिक्षण, बहिणीचे लग्न, आईचा दवाखाना, सगळे त्या एका पगारावर उभे असते. म्हणूनच त्या नोकरदाराला मनाचा आजार झाला, तर अख्खे घर तो आजार लपविते. धाराशिव जिल्ह्यात परंड्यापासून उमरग्यापर्यंत कोणत्याही वस्तीत जा. 'डोकं फिरलंय', 'बाहेरचं लागलंय' असे हळूच सांगतात. आजाराचे नाव कोणी घेत नाही.

त्यातल्या एका आजाराचे नाव आहे बायपोलर, म्हणजे द्विध्रुवीय मनोविकार. यात काही काळ माणूस अतोनात उत्साहात असतो. झोप नाही, तरी थकवा नाही. बोलणे थांबत नाही, पैसा उधळला जातो, साहेबाशी भांडण होते. पुढे कधी तरी तोच माणूस अंथरुणातून उठू शकत नाही. मधल्या काळात तो तुमच्या-आमच्यासारखेच काम करतो. कचेरीला मात्र पहिला काळ उद्धटपणाचा आणि दुसरा कामचुकारपणाचा वाटतो. त्यात कर्मचारी आमच्या समाजाचा असला की 'कोट्यातून आलेत' हा टोमणा तयारच! मेमो येतो, रजा बिनपगारी होते, चौकशी लागते, आणि औषधाने आटोक्यात राहू शकणाऱ्या आजारापायी घरातली पहिली नोकरी जाते.

ही नोकरी वाचविणारा कायदा आहे, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. तो एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. तसे पद नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. १९९५ च्या जुन्या कायद्याने मानसिक आजाराला दिव्यांगत्व मानले, पण राखीव जागा दिली नाही. नव्या कायद्यातील चार टक्क्यांत मनोरुग्णांनाही वाटा आहे. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते.

हा कायदा नुसता कागदावर नाही. दिल्लीच्या न्यायिक सेवेची परीक्षा दिलेल्या, याच आजाराच्या एका उमेदवाराला 'तुमचे दिव्यांगत्व कायमचे नाही' म्हणून नाकारण्यात आले. तो लढला. २०२० मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या नेमणुकीचा आदेश दिला. त्याच महिन्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात याच न्यायालयाने म्हटले की, मानसिक दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे.

मुंबईच्या उद्योगपती घराण्यातील अपर्णा पिरामल राजे यांनी २०२२ साली 'केमिकल खिचडी' या पुस्तकात आपला हाच आजार उघडपणे मांडला. त्यांच्या धैर्याचा आम्हाला आदर आहे. पण आमच्या तांड्या-वस्तीवरच्या मुलीला ते धैर्य परवडते काय? ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची चार जुनी मनोरुग्णालये. त्यांतले एकही मराठवाड्याच्या वाट्याला आले नाही. लिथियम हे या आजारावरचे जुने, परिणामकारक औषध. पण त्यासाठी रक्ततपासणी नियमित करावी लागते. उन्हात घाम गेला आणि पाणी कमी पडले तर रक्तातले त्याचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाते. ज्या गावात मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा साधा मुद्दा नव्हे.

आणि ज्यांना नोकरीच नाही त्यांचे काय? कळंब, वाशी, भूमचा ऊसतोड मजूर उचल घेऊन जातो. उचल फिटेपर्यंत त्याला कोयता खाली ठेवता येत नाही. कलम २० त्याच्या फडापर्यंत पोहोचत नाही. त्याच्यासाठी चळवळीला वेगळी लढाई लढावी लागेल.

आज हातात आहे तेवढे तरी करू. घरात कोणाची झोप उडाली, बोलणे-वागणे एकदम बदलले, तर मांत्रिकाकडे न नेता जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्या. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा; तो मोफत आहे. बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. कर्मचारी संघटनांनी बढती-बदल्यांबरोबर या कायद्याचीही माहिती सभासदांना द्यावी.

आणि मेमो आलाच, तर घाबरून माफीनामा लिहू नका. डॉक्टरांचा कागद जोडा आणि उत्तरात कलम २० लिहा. ती कोणाची मेहरबानी नाही, आपला हक्क आहे.