'रक्त पातळ करणारी गोळी' : एका लोकनामाचा विचार

हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या पुष्कळ रुग्णांस ॲस्पिरिन अथवा वॉरफरिन दीर्घकाळ घ्यावे लागते. या औषधांस लोकव्यवहारात 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हणतात. वस्तुतः त्यांनी रक्त पातळ होत नाही. ॲस्पिरिनमुळे रक्तातील बिंबिका एकमेकींस सहजी चिकटत नाहीत. वॉरफरिन 'के' जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणून रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. 'वॉरफरिन' हे नाव केवळ सांकेतिक होय. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील एका संशोधन-प्रतिष्ठानाच्या आद्याक्षरांस 'कुमारिन' या रसायननामाचा शेवट जोडून ते सिद्ध झाले.

लोकनाम मात्र अर्थवाही आहे आणि धोका त्या अर्थातच आहे. 'पातळ' म्हणताच न थांबणाऱ्या रक्तस्रावाची कल्पना मनात येते व दात काढावयाचा म्हणून रुग्ण आपण होऊन गोळी बंद करतो. दात काढल्यावरचा रक्तस्राव दाबून धरल्याने किंवा टाका घातल्याने बहुधा आवरतो; मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी तशी आवरता येत नाही. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाचा 'आयएनआर' ४ हून कमी असल्यास साधे दंतोत्पाटन सामान्यतः गोळी न थांबविता करता येते.

तेव्हा 'कोणती औषधे घेता?' एवढ्यावर दंतवैद्याने थांबू नये. 'त्यांपैकी एखादे येथे येण्यापूर्वी बंद केलेत काय?' हेही विचारावे. 'गोठण मंदावणारी गोळी' हे नाव बोजड खरे, परंतु ते रुग्णास भलत्या निर्णयाकडे नेणार नाही.