जपानी सैनिकांचे स्मृतिप्याले

जुन्या वस्तूंचा संग्रह करणारे लोक नाणीं, टपालाचीं तिकिटें किंवा शस्त्रें जमवितात, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु जपानी सैनिकांच्या साध्या मद्यप्याल्यांचाही संग्रह करणारे लोक आहेत, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल. त्या प्याल्यांचें महत्त्व मद्यांत नसून त्यांवरील अक्षरांत आहे.

जपानांत तांदुळापासून केलेल्या मद्यास 'साके' म्हणतात. तें पिण्याच्या उथळ प्याल्यास 'साकाझुकी' व ओतण्याच्या सुरईस 'तोक्कुरी' अशीं नांवें आहेत. तेथील परंपरागत विवाहविधींत वधूवर तीन प्याल्यांतून तीन तीन घोट घेतात. यावरून प्याला ही तेथें नात्याची खूण मानली जाते, हें ध्यानांत येईल.

१८७३ सालीं जपानांत सक्तीच्या लष्करी नोकरीचा कायदा झाला. तरुण मुलगा छावणींत जावयास निघाला म्हणजे आप्तेष्ट व शेजारी त्यास निरोपाची भेट म्हणून पैसे देत. मुदत संपवून तो सुखरूप घरीं आला, कीं त्या आहेराची परतफेड करणें हें त्याचें कर्तव्य ठरे. त्यासाठीं तो चिनी मातीचे किंवा लाखेचा लेप दिलेले लांकडी प्याले करवून घेई व घरोघर वांटी. म्हणजे हे प्याले पदकांसारखीं सरकारी पारितोषिकें नव्हत. ते बहुधा सैनिकानें स्वतःच्या पैशानें दिलेले परत आहेर होत.

प्याला वाचण्याची रीत अशी. त्यावर बहुधा तीन गोष्टी असतात: प्रसंग, पलटणीचें नांव आणि सैनिकाचें नांव. आडवीं अक्षरें जुन्या पद्धतीप्रमाणें उजवीकडून डावीकडे वाचावीं लागतात. 'जोताई' म्हणजे नोकरींतून मुक्तता, 'गाइसेन' म्हणजे विजयी पुनरागमन व 'किनेन' म्हणजे स्मरण. तारा ही भूसैन्याची खूण. नांगर ही आरमाराची. चेरीचें फूल मात्र वारंवार आढळतें. तें ऐन बहरांत गळून पडतें, म्हणून तें सैनिकाच्या अकालीं मरणाचें चिन्ह मानीत.

पायदळाची रेजिमेंट विशिष्ट प्रांतांतून भरली जाई. त्यामुळें तिच्या क्रमांकावरून सैनिकाचा मुलूख कळतो. सातवी रेजिमेंट कानाझावाची, चौतिसावी शिझुओकाची, अठ्ठावन्नावी ताकादाची. हीच अठ्ठावन्नावी रेजिमेंट मार्च १९४४ मध्यें मणिपुरांतील सांगशाक येथें चालून आली, तेव्हां तिच्याशीं लढणाऱ्या हिंदी पलटणींत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही होते. एखाद्या प्याल्यावर ५८ हा आंकडा दिसला, तर आपल्यांतील एखाद्या घराण्याचाही इतिहास त्यास जाऊन भिडतो.

१८९४-९५ चें चीनशीं व १९०४-०५ चें रशियाशीं झालेलें युद्ध यांच्या स्मरणार्थ केलेले प्याले आढळतात. १९३१ नंतरच्या मांचूरियांतील मोहिमेचेही आढळतात. १९३७ सालीं चीनशीं मोठें युद्ध पेटल्यावर मात्र मुदत संपली तरी अनेकांस घरीं सोडीत नसत, व सुटलेल्यांस पुन्हां बोलावीत. अखेरच्या वर्षांतील प्याले त्यामुळें विरळाच दिसतात. १९४५ सालीं जपाननें शरणागति पत्करली, तें सैन्य विसर्जित झालें, आणि ही चालही संपली.

संग्राहकानें कांहीं गोष्टी संभाळाव्या. बाजारांत नकली प्याले पुष्कळ आहेत. सोनेरी मुलामा अगदीं कोरा व अक्षरें सदोष दिसल्यास संशय धरावा. खऱ्या प्याल्याचें सोनें मृदु असतें. तें घांसून चकचकीत करूं नये. प्याला मूळच्या लांकडी पेटींत मिळाल्यास दोन्ही एकत्र ठेवावीं, कारण कित्येकदां पेटीवरही लेख असतो.

युद्धाचा गौरव करण्यासाठीं हा संग्रह करूं नये. त्या सैन्यानें आशियांतील अनेक देशांत जे अत्याचार केले, ते या नाजूक चित्रांआड लपतां कामा नयेत. परंतु मुक्ततेचा प्रत्येक प्याला हें एक मनुष्य घरीं परतल्याचें प्रमाणपत्र आहे. जे परतले नाहींत, त्यांना असा परत आहेर वांटतां आला नाहीं. कपाटांतील प्याले मोजतांना त्यांची उणीवही वाचकांनीं ध्यानांत घ्यावी.