व्हिडिओ फाटतोय? आधी रिझोल्यूशन उतरवा!

शेवटचा झोन आहे. तुम्ही एरँगलच्या गवतात आडवे पडलाय, समोर एकच स्क्वॉड उरलाय आणि लाइव्ह चॅटमध्ये कमेंट येते, ‘भाऊ, काहीच दिसंना!’ तुमच्या स्क्रीनवर सगळं लख्ख असतं. बघणाऱ्याला मात्र नुसते हिरवे ठोकळे दिसतात. मग आपण काय करतो? मुंबईचा ‘मॉर्टल’ म्हणजे नमन माथुर आठवतो आणि सेटिंगमध्ये जाऊन १०८०पी, ६० एफपीएस टाकतो. व्हिडिओ आणखी फाटतो.

कारण साधं आहे. बोअरला इंचभर पाणी असेल तर ते एका एकराला पुरतं. तेच पाच एकरांत सोडलं तर कुठलंच पीक धड येत नाही. बिटरेट म्हणजे हे पाणी, दर सेकंदाला तुम्ही वर पाठवू शकता तेवढा डेटा. ७२०पीच्या एका फ्रेममध्ये ९,२१,६०० पिक्सल असतात, १०८०पीमध्ये २०,७३,६००. त्यात ३०चे ६० एफपीएस केले की तेवढ्याच डेटात साडेचारपट पिक्सल भागवायचे. जमणार कसं?

आता तुमचं पाणी किती, ते मोजा. स्पीड टेस्ट केली की सगळे डाऊनलोडचा आकडा मिरवतात. स्ट्रीमला लागतो अपलोड, आणि मोबाइल नेटवर्कवर तो बहुतेक वेळा बराच कमी असतो. तुम्ही गंगाखेडला असा की सेलूला, टेस्ट दुपारी नको, स्ट्रीमच्या वेळेलाच तीन-चारदा घ्या. सगळ्यात कमी आलेला आकडा धरा आणि त्याच्या साठ-सत्तर टक्केच वापरा. म्हणजे ३ एमबीपीएस आला तर बिटरेट २००० केबीपीएस. उरलेलं गेमसाठी राहू द्या, नाहीतर पिंग चढतो आणि स्ट्रीम छान पण मॅच गेली, अशी गत होते.

२००० केबीपीएसला ७२०पी, ३० एफपीएस ठीक चालतं. त्याहून कमी असेल तर ५४०पी करा. लाजायचं काय त्यात? बघणारे बहुतेक मोबाइलवरच बघतात.

पण खरी गंमत पुढे आहे. व्हिडिओ पाठवताना प्रत्येक फ्रेम नव्याने जात नाही, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेच मुख्यतः जातं. म्हणून लॉबीत चित्र झक्कास दिसतं आणि पॅराशूटमधून उतरताना फाटतं, कारण तिथं सगळंच एकदम बदलत असतं. गवत, पाऊस, धूर हे बिटरेट खाणारे पक्के गिऱ्हाईक. गेममधलं गवत तर तुम्ही कापू शकत नाही, पण स्वतः घातलेला फापटपसारा काढू शकता. स्क्रीनवर हलणारी चमकदार बॉर्डर कशाला हवी? फेसकॅममागे गरगरणारा पंखासुद्धा डेटा खातो. खोलीत उजेड कमी असला की कॅमेऱ्यात बारीक दाणे येतात, तेही सतत हलत असतात. टेबलावर एक साधा एलईडी बल्ब लावा, फरक दिसेल.

कॉम्प्युटरवरून ओबीएस वापरत असाल तर रेट कंट्रोल ‘सीबीआर’ आणि कीफ्रेम इंटरव्हल २ सेकंद ठेवा. एक्स२६४ एन्कोडर असेल आणि प्रोसेसरला दम असेल, तर प्रीसेट ‘व्हेरी फास्ट’वरून ‘फास्टर’ करून बघा. तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र थोडं सुधारतं. गेम अडखळायला लागला तर गुपचूप मागे या.

आणि पॅकचा हिशेब विसरू नका. २००० केबीपीएस व्हिडिओ आणि १२८ केबीपीएस आवाज म्हणजे तासाला साधारण ९५० एमबी. रोजचा दीड जीबी दीड तासात संपला, मग नोट्सची पीडीएफ कुठून उतरवणार? म्हणून सेटिंग तपासायला दोन-तीन मिनिटांचा अनलिस्टेड स्ट्रीम पुरे. लिंक एका मित्राला पाठवा आणि त्याच्या मोबाइलवर कसं दिसतंय ते विचारा. ओबीएसमध्ये लाइव्ह चालू असताना वेगळ्या, जास्त बिटरेटने हार्ड डिस्कवर रेकॉर्डिंगही करता येतं. रेकॉर्डिंगला नेट लागत नाही. चांगल्या मॅचची मिनिटभराची क्लिप त्यातून कापायची आणि पॅक नवा सुरू झाला की चढवायची.